वेगात खेळायचं की सांभाळून? बास्केटबॉलमध्ये 'टेम्पो' आक्रमण आणि बचाव कसा बदलतो, वाचा सविस्तर

शालेय स्पर्धेत बास्केटबॉलचा सामना रंगात आला की कोर्टाच्या कडेने दोन आरोळ्या हमखास ऐकू येतात. एकीकडून "पळा, पळा, लवकर टाका!" आणि दुसरीकडून "थांब, घाई करू नको, आधी सेट व्हा!" दोन्ही आरोळ्या बऱ्याचदा एकाच संघासाठी असतात. मैदानातली पोरं मात्र गोंधळतात, की पळायचं का थांबायचं?

हा गोंधळ गावच्या कोर्टापुरता नाही. अमेरिकेतल्या एनबीएसारख्या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगमध्येही गेली सत्तर वर्षं हाच वाद चालू आहे. खेळाच्या या वेगाला 'टेम्पो' किंवा 'पेस' म्हणतात. टेम्पो बदलला की गुण कसे बदलतात, बचावावर काय ताण येतो आणि कोणत्या संघाला कोणता वेग परवडतो, हे समजून घेऊया.

थोडक्यात महत्त्वाचं

- टेम्पो म्हणजे पोरं किती जोरात पळतात ते नव्हे. एका सामन्यात संघाला चेंडूचा ताबा किती वेळा मिळतो, तो आकडा म्हणजे टेम्पो.
- वेग वाढला की दोन्ही संघांचे ताबे वाढतात, त्यामुळे केलेले गुणही वाढतात आणि दिलेले गुणही.
- संघ चांगला की वाईट हे एकूण गुणांवरून कळत नाही. एका ताब्यामागे किती गुण मिळाले आणि किती दिले, यावरून कळतं.
- कमजोर संघाने खेळ संथ केला तर त्याची संधी वाढते, पण संथ खेळताना शॉट बिघडले तर उलट नुकसान होतं.

टेम्पो म्हणजे नेमकं काय?

चेंडू आपल्या संघाच्या हातात आला की एक ताबा सुरू झाला. बास्केट झाली, चेंडू समोरच्याने हिसकावला, बाहेर गेला किंवा चुकलेल्या शॉटचा रिबाउंड समोरच्याला मिळाला की तो ताबा संपला. खेळाडू याला 'पझेशन' म्हणतात. शॉट चुकला पण रिबाउंड आपल्याच गड्याने घेतला, तर तो नवा ताबा धरत नाहीत. जुनाच ताबा पुढे चालू राहतो.

यातली कळीची गोष्ट अशी, की ताबा आळीपाळीने मिळतो. आपला संपला की त्यांचा सुरू. म्हणून सामना संपल्यावर दोन्ही संघांचे ताबे जवळजवळ सारखेच भरतात, फरक पडला तर एक-दोनचा.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सामना १० मिनिटांच्या चार क्वार्टरचा, म्हणजे एकूण २४०० सेकंदांचा असतो. एक ताबा सरासरी १५ सेकंद चालला तर दोन्ही संघांचे मिळून १६० ताबे होतात, म्हणजे प्रत्येकी ८०. तोच ताबा २० सेकंद चालला तर प्रत्येकी ६०. आणि १२ सेकंदांत उरकला तर प्रत्येकी १००. वेळ तीच, कोर्ट तेच, पण सामना पार वेगळा.

२४ सेकंदांचा नियम कुठून आला?

कबड्डी पाहणाऱ्यांना हे लगेच कळेल. प्रो कबड्डीत चढाईला ३० सेकंद असतात. आघाडीवर असलेला संघ चढाईपटूला सांगतो, "वेळ काढून ये." हा वेळकाढूपणा रोखायला सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' असते. बास्केटबॉलमध्येही असंच घडलं.

२२ नोव्हेंबर १९५० रोजी एनबीएमध्ये फोर्ट वेन पिस्टन्स आणि मिनियापोलिस लेकर्स यांचा सामना झाला. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा त्या काळातला सर्वात भारी उंच खेळाडू होता. त्याच्याशी बरोबरीने खेळून जिंकणं कठीण, म्हणून पिस्टन्सने चेंडू नुसता हातात धरून ठेवला. शॉटच घेतले नाहीत. ४८ मिनिटांचा सामना संपला तेव्हा धावफलक होता १९-१८, पिस्टन्सच्या बाजूने. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे. शेवटच्या क्वार्टरमध्ये दोन्ही संघांचे मिळून फक्त ४ गुण झाले. एनबीएच्या इतिहासातला हा सर्वात कमी गुणांचा सामना.

असा खेळ पैसे देऊन कोण बघणार? १९५४-५५ च्या हंगामापासून एनबीएने २४ सेकंदांचं शॉट क्लॉक आणलं. त्यामागे सिराक्यूज नॅशनल्स संघाचे मालक डॅनी बियासोन यांचा मोठा हात होता. हिशेब साधा होता. ४८ मिनिटं म्हणजे २८८० सेकंद. चांगल्या, रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट घेतात. २८८० भागिले १२०, उत्तर २४. पहिल्याच वर्षी एका संघाची सामन्यामागची सरासरी ७९.५ वरून ९३.१ गुणांवर गेली.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये आधी ३० सेकंद होते, २००० सालापासून २४ झाले. चेंडू आपल्या अर्ध्यातून पुढे न्यायला ८ सेकंद मिळतात. आक्रमणात आपलाच रिबाउंड मिळाला तर घड्याळ पुन्हा २४ वर जात नाही, १४ सेकंद मिळतात.

वेगाचा आक्रमणावर काय परिणाम होतो?

वेगवान खेळाचा सर्वात मोठा फायदा म्हणजे बचाव जागेवर येण्याआधीच शॉट मिळतो. रिबाउंड घेतला, पहिला पास झटकन बाजूला, दोन गडी दोन्ही कडांनी पळाले, समोर एकच बचावपटू. तीन विरुद्ध दोन किंवा दोन विरुद्ध एक अशी स्थिती आली की रिंगखाली सोपी बास्केट मिळते. यालाच 'फास्ट ब्रेक' म्हणतात.

सेकंद जसे सरतात तसा बचाव स्थिर होतो. प्रत्येक जण आपला माणूस धरतो, उंच खेळाडू रिंगखाली उभा राहतो. घड्याळात ४-५ सेकंद उरले की हातात असेल तो शॉट मारावा लागतो, आणि असे शॉट चुकण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून संथ खेळ म्हणजे वेळ संपेपर्यंत चेंडू फिरवत बसणं नव्हे. चांगला संथ संघ ८-१० सेकंद बचावाला हलवतो, चूक करायला लावतो आणि मग शॉट घेतो.

वेगाची दुसरी बाजूही आहे. पळता पळता पास दिला की तो चुकण्याची शक्यता वाढते. पास चुकला की ताबा वाया जातो, आणि समोरच्याला लगेच फास्ट ब्रेक मिळतो. घाईत घेतलेला लांबचा शॉट चुकला तर रिबाउंडला आपला एकही माणूस तिथे नसतो. म्हणजे वेगाने सोपे शॉट मिळतात, पण ते चेंडू सांभाळता येणाऱ्या संघालाच. ज्या संघात डावा-उजवा दोन्ही हातांनी ड्रिबल करणारा आणि मान वर ठेवून पास देणारा एकही गडी नाही, त्या संघाने नुसतं पळणं म्हणजे चेंडू समोरच्याला नेऊन देणं.

बचावावर काय परिणाम होतो?

इथे बहुतेकांची गफलत होते. बचाव आणि आक्रमण वेगवेगळे शिकवले जातात, पण मैदानात ते एकमेकांना जोडलेले असतात.

आपली बास्केट झाली तर समोरच्याला चेंडू रेषेबाहेरून टाकावा लागतो. तेवढ्या वेळात आपले पाचही जण मागे येतात. म्हणजे चांगलं आक्रमण बचावाला मदत करतं. उलट शॉट चुकला किंवा पास तुटला तर समोरचा पळत सुटतो आणि आपला बचाव विस्कळीत सापडतो.

तसंच चांगला बचाव आक्रमणाला वेग देतो. चेंडू हिसकावला किंवा रिबाउंड घट्ट धरला तरच फास्ट ब्रेक निघतो. दर वेळी रिंगमधून पडलेला चेंडू काढून खेळ सुरू करणाऱ्या संघाला वेगाने खेळता येत नाही, कितीही ओरडलं तरी.

बचावातून टेम्पो मुद्दाम बदलताही येतो. संपूर्ण कोर्टभर माणसाला माणूस लावून दाब दिला, म्हणजे 'फुल कोर्ट प्रेस' केला, तर समोरचा घाईत पडतो आणि खेळ वेगवान होतो. रिंगभोवती जागा वाटून उभं राहिलं, म्हणजे 'झोन' लावला, तर समोरच्याला बाहेरून पास फिरवत बसावं लागतं आणि खेळ संथ होतो.

आणखी एक निवड दर शॉटला करावी लागते. शॉट गेला की आपले तीन जण रिबाउंडला घुसवायचे, की दोघांना लगेच मागे पळवायचं? घुसवले तर दुसरी संधी मिळू शकते, पण मागे मैदान मोकळं राहतं. समोरचा संघ वेगवान असेल तर किमान दोघांनी मागे राहणं शहाणपणाचं.

नुसते गुण पाहिले की फसगत होते

समजा, एका स्पर्धेत पहिला संघ सामन्यामागे ८० गुण करतो आणि दुसरा ६६. कोणाचं आक्रमण चांगलं? सगळे म्हणतील पहिल्याचं. आता ताबे बघा. पहिल्याला ८० गुणांसाठी ८० ताबे लागले, म्हणजे ताब्यामागे १ गुण. दुसऱ्याने ६० ताब्यांत ६६ केले, म्हणजे ताब्यामागे १.१ गुण. शंभर ताब्यांचा हिशेब धरला तर पहिला १०० आणि दुसरा ११०. चांगलं आक्रमण दुसऱ्याचं आहे, तो फक्त संथ खेळतो.

बचावाचंही तसंच. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे २००४-०५ चा फिनिक्स सन्स संघ. आदल्या हंगामात हा संघ २९ सामने जिंकून ५३ हरला होता. मग पॉइंट गार्ड म्हणून स्टीव्ह नॅश आला. प्रशिक्षक माइक डी'अँटोनी यांनी सात सेकंदांच्या आत शॉट घेण्याची पद्धत आणली. त्या हंगामात सन्सने ६२ सामने जिंकले, फक्त २० हरले आणि सामन्यामागे ११०.४ गुण केले, लीगमध्ये सर्वात जास्त. नॅशला त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला.

तरीही टीका एकच होती, की "यांना बचाव येत नाही." कारण सामन्यामागे दिलेल्या गुणांत सन्स तळाच्या संघांत होते. पण ताब्यामागे हिशेब केला तर त्यांचा बचाव लीगमध्ये मधल्या फळीत बसत होता. गुण जास्त दिले जात होते, कारण समोरच्यालाही ताबे जास्त मिळत होते.

त्याच वर्षी उपांत्य फेरीत टिम डंकनच्या सॅन अँटोनियो स्पर्सने सन्सला ४-१ ने हरवलं आणि पुढे विजेतेपदही घेतलं. स्पर्स बचावात भक्कम होते, खेळ संथही करू शकत होते आणि वेळ पडली तर सन्सच्या वेगालाही पुरून उरत होते. दोन्ही वेगांत खेळता येणारा संघ जास्त धोकादायक असतो, हा त्या मालिकेचा धडा.

एकच प्रशिक्षक, एकच पद्धत, दोन वेगळे निकाल

वेग कुठे चालतो आणि कुठे फसतो, हे पॉल वेस्टहेड यांच्या दोन संघांवरून स्पष्ट होतं.

लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठात वेस्टहेड यांनी कमालीचा वेगवान खेळ बसवला. १९८९-९० मध्ये या संघाने सामन्यामागे १२२.४ गुण केले. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या गटात हा विक्रम आहे. गुण देतानाही ते शंभरीपार जात. पण समोरचे संघ दमून जायचे, आणि लोयोलाची पोरं त्याच पळण्याचा रोज सराव करायची. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी गतविजेत्या मिशिगनला १४९-११५ असं धुऊन काढलं.

लगेच पुढच्या वर्षी वेस्टहेड एनबीएच्या डेन्व्हर नगेट्सकडे गेले. पद्धत तीच. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंच, हवा विरळ, पाहुण्या संघांना दम लागणार, असाही हिशेब होता. पहिल्याच सामन्यात गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध त्यांनी १५८ गुण केले, आणि १६२ दिले! हंगाम संपला तेव्हा सरासरी होती ११९.९ गुण केले आणि १३०.८ गुण दिले. गुण करण्यात लीगमध्ये पहिले आणि देण्यातही पहिले. ८२ पैकी फक्त २० सामने जिंकले.

फरक कशाने पडला? कॉलेजच्या पोरांना तो वेग झेपत नव्हता. एनबीएतले खेळाडू मात्र दमले नाहीत, त्यांनी मोकळं मैदान पाहून निवांत बास्केट केल्या. वेगाने समोरचा गडबडला तरच वेगाचा फायदा असतो. समोरचा आपल्यापेक्षा सरस असेल आणि गडबडत नसेल, तर त्याला जास्त ताबे देणं म्हणजे जास्त गुण देणं.

कमजोर संघाने काय करावं?

लहान शाळांच्या संघांसाठी हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. समोर उंच, तगडा, वर्षभर सराव केलेला संघ. मग करायचं काय?

आधी गणित बघू. समजा प्रत्येक ताब्यात एकतर २ गुण मिळतात किंवा काहीच नाही. भारी संघ १०० पैकी ५० वेळा यशस्वी होतो आणि कमजोर संघ ४५ वेळा. प्रत्येकी ८० ताबे झाले तर भारी संघ शंभरात साधारण ७४ सामने जिंकेल. ताबे ४० वर आणले तर साधारण ६७. म्हणजे खेळ संथ झाला की कमजोर संघाची संधी २६ वरून ३३ वर जाते. नाणं दोनदा उडवलं तर काहीही पडू शकतं, शंभरदा उडवलं तर निम्मंच पडतं, तसलाच हा प्रकार. ताबे जितके कमी, तितका नशिबाला वाव जास्त.

पण यात एक मोठी अट आहे. संथ खेळायच्या नादात कमजोर संघाचे शॉट बिघडले आणि यश ४५ वरून ४० वर आलं, तर त्याच ४० ताब्यांत भारी संघ शंभरात सुमारे ८२ सामने जिंकतो. म्हणजे संधी ३३ ऐवजी १८ उरते. त्यापेक्षा आधीचा वेगच बरा होता! म्हणून नुसता चेंडू धरून बसणं हा उपाय नाही. संथ खेळून चांगला शॉट मिळवता आला पाहिजे.

हे जमवून दाखवलं प्रिन्स्टन विद्यापीठाने. प्रशिक्षक पीट कॅरिल तिथे १९६७ ते १९९६ अशी २९ वर्षं होते. त्यांची पोरं फार उंच किंवा उडी मारणारी नसत. पण पाचही जणांना पास देता येई, शॉट मारता येई. बचावपटू पुढे झेपावला की त्याच्या पाठीमागून रिंगकडे सटकायचं आणि पास घ्यायचा, ही त्यांची खास चाल. १४ मार्च १९९६ रोजी राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ असं हरवलं. शेवटची निर्णायक बास्केट त्याच चालीवर, ४ सेकंदांपेक्षा कमी वेळ उरला असताना झाली.

संथपणाचा अतिरेकही झाला. नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ आघाडी मिळाली की चार खेळाडूंना चार कोपऱ्यांत उभं करून चेंडू खेळवत राहत. १९८२ च्या त्यांच्या विभागीय अंतिम सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध स्कोअर होता ४७-४५. तेव्हा कॉलेज बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक नव्हतं. अशा सामन्यांमुळेच १९८५-८६ पासून ४५ सेकंदांचं घड्याळ देशभर लागू झालं. पुढे ते ३५ आणि २०१५-१६ पासून ३० सेकंदांवर आलं.

भारी संघाने संथ खेळण्यातही धोका असतो. २०१८ मध्ये अव्वल मानांकित व्हर्जिनिया, अत्यंत संथ पण भक्कम बचावाचा संघ, पहिल्याच फेरीत यूएमबीसी या तळाच्या मानांकित संघाकडून ७४-५४ असा हरला. मध्यंतराला बरोबरी होती २१-२१. नंतर मागे पडल्यावर संथ संघाला भरून काढायला ताबेच पुरले नाहीत. मात्र पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, त्याच पद्धतीने खेळून व्हर्जिनिया राष्ट्रीय विजेता झाला. पद्धत वाईट नव्हती, धोका तिच्यात अंगभूत होता.

कमजोर संघाकडे उलटा रस्ताही आहे. आयोवा राज्यातल्या ग्रिनेल या छोट्या कॉलेजात प्रशिक्षक डेव्हिड आर्सेनो यांनी दर ३५-४० सेकंदांनी पाचच्या पाच खेळाडू बदलायची पद्धत आणली. पूर्ण कोर्टभर प्रेस आणि धडाधड थ्री पॉइंटर. त्यांचं लक्ष्य ठरलेलं होतं: सामन्यात ९४ शॉट, त्यातले निम्मे थ्री पॉइंटर, समोरच्याच्या ३२ चुका आणि त्यांच्यापेक्षा २५ शॉट जास्त. इथे मतलब नुसत्या वेगाशी नाही. समोरच्याचे ताबे शॉटशिवाय वाया घालवायचे आणि आपले शॉट वाढवायचे. शिवाय १५-२० पोरांना रोज खेळायला मिळतं, हा वेगळा फायदा.

दम, फाऊल आणि जीवाची काळजी

वेगवान खेळाचा खर्च पायांनी भरावा लागतो. संघात १२ जण असतील आणि १० जण खेळण्यालायक असतील तर प्रेस परवडतो. सात-आठच जण असतील तर दुसऱ्या क्वार्टरनंतर पाय जड होतात. पाय जड झाले की आधी बचाव जातो, मग हात पुढे जाऊन फाऊल होतात. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर, आणि संघ आणखी लहान.

दमलेल्या पायांचे शॉटही आखूड पडतात. चेंडू वारंवार रिंगच्या पुढच्या कडेला लागू लागला, तर बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, दमाचा असतो. तेव्हा वेग कमी करणं किंवा खेळाडू बदलणं हाच उपाय.

आणि एक गोष्ट विसरता कामा नये. लोयोला मेरीमाउंटच्या त्याच विक्रमी संघात हँक गॅदर्स हा देशातला आघाडीचा खेळाडू होता. १९८८-८९ मध्ये गुण आणि रिबाउंड दोन्हींत तो देशात पहिला होता. डिसेंबर १९८९ मध्ये एका सामन्यात तो चक्कर येऊन पडला. तपासणीत हृदयाचे ठोके अनियमित असल्याचं आढळलं, औषधं सुरू झाली आणि तो पुन्हा खेळू लागला. ४ मार्च १९९० रोजी सामन्यातच तो कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. हृदयाच्या स्नायूचा आजार होता. त्याचा मित्र बो किंबल याने पुढच्या स्पर्धेत आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने मारून त्याला आदरांजली वाहिली, कारण गॅदर्स डाव्या हाताने फ्री थ्रो मारत असे.

हा आजार वेगवान खेळामुळे होत नाही. पण पळताना चक्कर येणं, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, घरात कोणाचा तरुणपणी अचानक हृदयविकाराने मृत्यू झालेला असणं, यातलं काहीही असेल तर "ऊन लागलं असेल" म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय त्या मुलाला किंवा मुलीला कोर्टवर उतरवू नये. उन्हाळ्यात सराव सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्यावा आणि मधे मधे पाणी द्यावं.

आपल्या संघाचा टेम्पो कसा मोजायचा?

याला ना महागडं यंत्र लागतं ना ॲप. एक वही, एक पेन आणि एक बसलेला राखीव खेळाडू पुरे. सोपा मार्ग म्हणजे आपला ताबा संपला की एक रेघ मारायची आणि शेजारी किती गुण मिळाले ते लिहायचं.

सामना मोबाइलवर रेकॉर्ड केला असेल तर नंतर हे सूत्र वापरता येतं:

ताबे = घेतलेले शॉट − आक्रमणातले रिबाउंड + गमावलेले चेंडू + (फ्री थ्रो × ०.४४)

फ्री थ्रो बहुतेक वेळा जोडीने मिळतात आणि काही बास्केटसोबत एक जादा म्हणून मिळतात. म्हणून ते पूर्ण न धरता ०.४४ ने गुणतात.

उदाहरण: संघाने ६२ शॉट घेतले, आक्रमणात १० रिबाउंड मिळाले, १५ वेळा चेंडू गमावला आणि २० फ्री थ्रो मारले. ६२ − १० + १५ + ८.८ = ७५.८, म्हणजे साधारण ७६ ताबे. गुण झाले ७०, म्हणजे शंभर ताब्यांमागे सुमारे ९२. समोरच्याचे ६६ गुण, म्हणजे शंभरामागे सुमारे ८७. संघ पाचने वरचढ.

असे चार-पाच सामने लिहून काढले की चित्र स्पष्ट होतं. ताबे जास्त झालेल्या सामन्यांत आपण वरचढ असतो की कमी झालेल्या, ते कळतं. मग "पळा" ओरडायचं की "थांबा", हे अंदाजावर सोडावं लागत नाही.

कोणत्या संघाला कोणता वेग?

- राखीव खेळाडू भरपूर, पोरं चपळ, उंची कमी: प्रेस आणि फास्ट ब्रेक.
- एक-दोन उंच, पण पळायला जड खेळाडू: संथ खेळ, चेंडू आत द्यायचा, शॉटनंतर लगेच मागे यायचं.
- सात-आठच खेळाडू: झोन बचाव, सोपा फास्ट ब्रेक मिळाला तरच पळायचं, नाहीतर सेट व्हायचं.
- चेंडू सांभाळणारा एकच गडी: वेग त्याच्या हातात ठेवायचा, बाकीच्यांनी लांब पास टाळायचे.
- समोरचा संघ स्पष्ट भारी: ताबे कमी करा, पण शॉट चांगलाच घ्या.
- आपण मागे आणि वेळ कमी: वेग वाढवणं भाग आहे, कारण भरून काढायला ताबे लागतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*वेगवान खेळणारा संघ बचावात कच्चा असतो का?*
नाही. तो गुण जास्त देतो, कारण समोरच्याला ताबे जास्त मिळतात. ताब्यामागे किती गुण दिले ते बघा, मगच बोला.

*टेम्पो एकट्या आपल्या हातात असतो का?*
नाही. अर्धा वेळ चेंडू समोरच्याकडे असतो. आपण झटपट शॉट घेतले आणि त्यांनी २० सेकंद चेंडू फिरवला तर सामना मधल्या वेगावर येतो. म्हणून प्रेस किंवा झोन लावून त्यांचाही वेग बदलावा लागतो.

*सामन्याच्या मधे वेग बदलावा का?*
बदलता आला तर उत्तम. पण त्यासाठी दोन्हींचा सराव हवा. "आता पळा" आणि "आता सेट व्हा" यासाठी एकेक ठरलेली खूण असू द्या, आणि ओरडणारा माणूस एकच ठेवा. कोर्टाच्या कडेने दहा जण दहा गोष्टी ओरडले, तर सर्वात आधी आपल्याच संघाचा टेम्पो बिघडतो.